जगाचं दुःख पाहून प्रार्थना आटली असेल तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई वसईच्या बागायती पट्ट्यातल्या आहेत. शाळेत शिकवतात आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतात. त्यांचं म्हणणं असं : "गाझा, सुदान, युक्रेन, मणिपूर. रात्री घरातले सगळे झोपले की मी मोबाईलवर हेच बघत राहते. आधी रडू यायचं, आता तेही येत नाही. मिस्सामध्ये जगाच्या शांतीसाठी प्रार्थना होते, 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' असं मीही म्हणते, पण आतून काही उमटत नाही. ऐकत असेल तर तो करतोय काय? गेल्या रविवारी वर्गातल्या एका मुलाने हेच विचारलं आणि मी विषय बदलला. माझी श्रद्धा संपली का?"

ताई, मी धर्मभगिनी आहे. आधी रुग्णालयात नर्स होते. नंतरची बरीच वर्षं वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेची आणि चिंतनाची शिबिरं, घेण्यात आणि लोकांचं ऐकून घेण्यात गेली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची संख्या करोनानंतर फार वाढली आहे, आणि त्यात बहुतेक जण चर्चमध्ये नेमाने येणारे, कॉयरमध्ये गाणारे, आजाऱ्यांना भेटायला जाणारे असतात. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते असं थकत नाहीत. तुमची श्रद्धा संपलेली नाही. पण एवढं सांगून तुम्हाला परत पाठवलं तर तुमच्या थकव्याला मी हातही लावला नाही असं होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक साधी गोष्ट बघू. आपल्याकडे एखाद्या घरी माणूस जातं तेव्हा काय होतं? चर्चची घंटा वाजते. आळीतली माणसं जमतात. कुणी फादरांना निरोप देतं, कुणी कबरीचं बघतं, कुणी त्या घरातल्या लहान मुलांना आपल्याकडे जेवायला घेऊन जातं. रात्री रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होते. पुढे महिन्याचा मिस्सा होतो, आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातो. म्हणजे दुःखाबरोबर हातांना काम येतं, तोंडाला शब्द येतात आणि शोक कुठे सुरू करायचा, कुठे जरा खाली ठेवायचा याच्या तारखाही येतात. आता रात्री साडेअकराला मोबाईलवर तुम्हाला जे मूल दिसतं त्याचं काय? त्याच्या आईला तुम्ही पाणी देऊ शकत नाही. त्याच्या कबरीवर माती टाकू शकत नाही. त्याचं नावही तुम्हाला कळत नाही, आणि अंगठा सरकला की दुसरं मूल येतं. शोक आहे पण त्याला वाट नाही. मला वाटतं, तुमच्या थकव्याचं मूळ इथे आहे. शेकडो अंत्यविधी तुम्ही एकट्याने अंधारात पाहिले आहेत आणि त्यातल्या एकातही तुम्हाला खांदा देता आला नाही.

याचा पडताळा मला किनाऱ्यावरच मिळाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. लॉकडाऊन चालू असल्यामुळे मदतीला फार थोड्यांना जाता आलं, त्यात आम्ही होतो. श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, नारळ मुळासकट उपटले होते, घरांवर कौलं नव्हती, वीज कित्येक दिवस नव्हती. मुंबईहून फोन करणारी ओळखीची माणसं आम्हाला विचारत होती, सिस्टर, देव असं कसं होऊ देतो? वाडीतली माणसं विचारत होती, ताडपत्री आहे का, खोडं कापायला करवत कुणाकडे मिळेल? वाडीतल्या लोकांना देवाचा प्रश्न पडला नाही असं मी म्हणत नाही. पडलाच. पण तो नंतर आला, पाऊस लागल्यावर, बाहेरची मदत ओसरल्यावर, नवी सुपारी लावली तरी हाताला फळ लागायला सहा-सात वर्षं जातील हा हिशेब घरात झाला तेव्हा. तेव्हा त्यांच्याजवळ बसायला माणूस हवा होता आणि फोन करणारे दुसऱ्या बातमीकडे वळले होते. लांबून पाहणाऱ्याला प्रश्न आधी येतो आणि लवकर दमवतो, कारण त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं.

संशोधनातही हेच दिसतं. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. पॉल स्लोविक हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत की एका मुलाचा चेहरा समोर असतो तेव्हा माणसाचं मन हलतं, पण आकडा वाढत गेला की कणव त्या प्रमाणात वाढत नाही, ती बधिर होते. रडू येईनासं झालं म्हणून तुम्ही स्वतःला दगड समजू लागला असाल तर ते सोडून द्या. देवाने घडवलेल्या मनाची ही मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे पाप नव्हे.

आणि इथे शुभवर्तमानाकडे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राकडे, बघा. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटतं, येशू पुष्कळांना बरं करतो. पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत म्हणतात. तो काय करतो? परत जात नाही. आसपासच्या दुसऱ्या गावांना चला म्हणतो. दाराशी कुणीतरी आजारी राहिलं असणारच. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी आजाऱ्यांची गर्दी पडलेली आहे आणि तो बोलतो एकाशी, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाशी. ही वचनं मला तरुणपणी फार टोचायची. वॉर्डमध्ये काम करताना ती मला आधार वाटू लागली. देहधारी झालेल्या देवपुत्रानेही एका वेळी एकाच गावात असण्याची अट स्वीकारली. आपण मात्र मोबाईल हातात आल्यापासून एकाच रात्री चार युद्धांत हजर राहायला निघालो आहोत.

पोप फ्रान्सिस यांनी काय केलं ते आठवा. सगळ्या जगाच्या कॅथलिक लोकांची जबाबदारी त्यांच्यावर होती. २०१३ साली इटलीच्या लांपेदुसा बेटावर जाऊन समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी त्यांनी मिस्सा केला आणि जगभर पसरलेल्या उदासीनतेबद्दल कडक शब्द वापरले. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटल्यावर त्यांनी आणखी एक लहान काम हाती घेतलं. तिथल्या होली फॅमिली चर्चला ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे. चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्यांची चौकशी करायचे, आज काय जेवलात असंही विचारायचे. २०२५ च्या सुरुवातीला रुग्णालयात होते तेव्हाही त्यांनी फोन केले. २१ एप्रिल २०२५ ला ते गेले. त्यांच्या फोनने युद्ध थांबलं नाही. त्याच चर्चवर त्या वर्षीच्या जुलैत मारा झाला आणि तिथे माणसं मेली. तरीही त्या दीड वर्षात त्या चर्चमधल्या लोकांना संध्याकाळी कुणीतरी आपली विचारपूस करणार आहे हे ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या माणसाने एक चर्च निवडलं, मग तुम्ही-मी सगळं जग निवडण्याचा हट्ट का धरावा?

तेव्हा ताई, माझं सांगणं असं. एक जागा निवडा. सुदान निवडलंत तर सुदानच. तिथे १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे आणि आपल्याकडच्या बातम्यांत ते क्वचितच येतं. त्या देशाचा नकाशा काढून घरात लावा. शहरांची नावं शिका, नद्या बघा, तिथली माणसं काय खातात ते वाचा. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला, प्रभूच्या मरणाच्या वेळेला, त्यांच्यासाठी पाच मिनिटं थांबा. घरखर्चातून थोडे पैसे महिन्याला बाजूला काढा आणि आपल्या फादरांना विचारून विश्वासाच्या मार्गाने पाठवा. पवित्र भूमीसाठी तर गुड फ्रायडेचं दान चर्चमध्ये गोळा होतंच, तिकडची जागा निवडली असेल तर तेव्हा हात मोकळा सोडा. बातमी पाहायची तर उजेडात पाहा, दिवसातून एकदा, ठरवून, घरात माणसं जागी असताना. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

उरलेल्या जागांचं काय, असं तुमचं मन लगेच विचारेल. विचारू दे. त्या जागा सोडून दिल्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटेल, माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना पहिले काही आठवडे तसं वाटतं. इथे ख्रिस्तसभा, म्हणजे जगभरच्या श्रद्धावंतांचा एकच समुदाय, काय असते ते उपयोगी पडतं. तुम्ही झोपता तेव्हा दुसऱ्या खंडातल्या मठात कुणीतरी प्रार्थनेला उठतं. तुम्ही ज्यांचं नाव घेतलं नाही त्यांचं नाव तिथे घेतलं जातं. सगळं जग आपल्याच उशाशी आहे असं वाटणं ही कणव वाटते खरी, पण तिच्यात देवाची जागा आपण घेतलेली असते. हे मी कठोरपणे म्हणत नाही. हलकं व्हा म्हणून म्हणते.

आता कोरडेपणाबद्दल. तुम्हाला वाटतं की 'तो करतोय काय' हा प्रश्न श्रद्धेबाहेरचा आहे. आपल्या प्रवचनांतून तक्रार फारशी ऐकू येत नाही आणि मयताच्या घरी आपण चटकन 'देवाची मर्जी' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे तसं वाटत असावं. बायबल तसं वागत नाही. बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातला, स्तोत्रसंहितेतला, मोठा भाग विलापाचा आहे. तेरावं स्तोत्र 'कोठवर?' या प्रश्नानेच सुरू होतं. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात लोक देवाला विचारतात की तू झोपलास का. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर पहिल्यापासून शेवटपर्यंत काळोखाचं आहे, इतर विलापांच्या शेवटी येतो तसा भरवशाचा सूरही त्यात येत नाही. आणि तेच स्तोत्र ख्रिस्तसभेने दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलं आहे. जगभरचे फादर आणि सिस्टर झोपण्याआधी ते म्हणतात. कुणाला त्या रात्री आनंद झालेला असेल, तरी त्याने ते म्हणायचं, कारण कुठेतरी कुणाची तरी रात्र तशीच आहे.

तुम्हीही म्हणा. मोठ्याने, दार लावून. आणि मग स्वतःचं लिहा. रिट्रीटमध्ये मी लोकांना वही देते आणि सांगते की देवाला उद्देशून लिहा, देवाबद्दल लिहू नका. 'देव असं का करतो' असं लिहिलं की आपण वादात शिरतो. 'तू असं का करतोस' लिहिलं की प्रार्थनेत असतो. राग असेल तर तो लिहा, त्या मुलाचं वर्णन लिहा, तुला हे दिसलं का असं विचारा. 'आमेन' लिहायची घाई करू नका. कुणाला एका बैठकीत जमतं, कुणाला आठवडे लागतात. पण रडू थांबलेल्या माणसाला या वहीवर रडू आल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. येशू स्वतः आपल्या मित्राच्या, लाजाराच्या, कबरीपाशी रडला, आणि क्रूसावर त्याने विलापाचंच स्तोत्र तोंडात घेतलं : 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्याच्या तोंडी शोभलेला प्रश्न तुमच्या तोंडी पाप कसा ठरेल?

'का' याचं उत्तर मला विचाराल तर ते माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यापासून मी सावध राहते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्साला चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला. त्याच पोर्तुगालने आपल्या वसईत किल्ला आणि चर्चं बांधली होती आणि सोळा वर्षांपूर्वीच चिमाजी अप्पांनी तो किल्ला घेतला होता. लिस्बनच्या भूकंपानंतर कुणी म्हणालं ही पापाची शिक्षा, कुणी म्हणालं यातूनही भलंच होणार, आणि युरोपातल्या मोठमोठ्या विचारवंतांनी त्यावर वाद घातला. मेलेल्यांच्या नातलगांना त्यातलं काय उपयोगी पडलं असेल याची मला शंका आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख येतो. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू स्पष्ट 'नाही' म्हणतो. बायबलमधल्या ईयोब या निर्दोष माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनीही सात दिवस-रात्र गप्प त्याच्याजवळ बसण्याचं उत्तम काम केलं, मग बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. ईयोबाने इतकं भांडूनही देव म्हणाला, माझ्याविषयी खरं तोच बोलला. आणि व्हॉट्सॲपवर प्रत्येक युद्धाला जगाच्या अंताची खूण ठरवणारे जे संदेश फिरतात ते पुढे पाठवू नका. लढायांबद्दल ऐकाल तेव्हा घाबरू नका, शेवट एवढ्यात नाही, असं प्रभूनेच मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलं आहे.

मग धरायचं काय? मी क्रूस धरते. दुःखाचं कारण तिथे सांगितलेलं नाही, पण देव दुःखाच्या कोणत्या बाजूला आहे हे तिथे दिसतं. त्याला मारणाऱ्यांच्या बाजूला तो नव्हता, उंचावरून बघणाऱ्यांतही नव्हता. यापलीकडे मला कळत नाही आणि इतक्या वर्षांत एवढ्यावर माझं भागलं आहे. शिवाय पुनरुत्थान आहे, पण ज्याची जखम ओली आहे त्याच्यापुढे ते घाईने मांडू नये असं मी मानते. पवित्र शनिवारचा एक अख्खा दिवस ख्रिस्तसभा मिस्साशिवाय, रिकाम्या वेदीपुढे काढते. तेवढा धीर आपणही एकमेकांना द्यावा.

एक नियम पक्का पाळा. संत इग्नेशियस लोयोला यांनी तो सांगितला आहे : मन उजाड असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलू नये. वर्ग सोडू नका, रविवारचा मिस्सा सोडू नका, कॉयरमध्ये असाल तर तेही नको. तोंडाने म्हटलेली प्रार्थना खोटी नसते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाताचा एक माणूस खाटेवर पडून आहे, चौघे त्याला उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. आता काही महिने तुम्ही खाटेवर आहात. रविवारी 'आमची प्रार्थना ऐक' म्हणताना शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंच्या आवाजात तुमचा आवाज मिसळू द्या, तेवढं पुरे.

नर्स म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा आजार आहे, प्रार्थना कमी पडल्याची खूण नव्हे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

आता त्या मुलाबद्दल. त्याला पुढच्या रविवारी स्वतःहून सांगा की तू विचारलंस ते मला महत्त्वाचं वाटलं, मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, आणि पूर्ण उत्तर मलाही ठाऊक नाही. मुलांना हे चालतं, त्यांना टाळलेलं कळतं आणि तेच त्यांच्या मनात राहतं. मग वर्गाला तेरावं स्तोत्र वाचून दाखवा आणि देवाला विचारायचा एकेक प्रश्न प्रत्येकाला कागदावर लिहू द्या. कुणी युद्धाचं लिहील, कुणी आजोबांच्या आजाराचं, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं एखादं पोर समुद्रावर गेलेल्या बापाबद्दल लिहील. कागद तपासू नका, दुरुस्त करू नका. फादरांची परवानगी घेऊन ते मिस्साच्या वेळी अर्पणाबरोबर वेदीजवळ ठेवता येतील. तुमचा कागदही त्यात ठेवा.